थ्री फेज कॉम्प्रेसर घरच्या सिंगल फेजवर कसा चालवायचा

जुन्या बाजारात किंवा बंद झालेल्या गॅरेजमधून कॉम्प्रेसर चांगल्या भावात मिळतो. घरी आणल्यावर लक्षात येतं, मोटर थ्री फेज आहे. घरात येते २३० व्होल्टची एक फेज आणि न्यूट्रल. मोटरला हव्यात ४१५ व्होल्टच्या तीन फेज. यातून मार्ग निघतो. मात्र तो कोणता, हे मोटरच्या नेमप्लेटवरची एक खूण ठरवते: स्टार की डेल्टा, म्हणजे मोटरची तीन वाइंडिंग एकमेकांना कशी जोडली आहेत. व्हीएफडी म्हणजे एका फेजवरून तीन फेज तयार करणारा, वेग बदलता येणारा ड्राइव्ह. नेमप्लेट न वाचता दुकानात जाऊन नुसता "सिंगल टू थ्री व्हीएफडी द्या" म्हटलं, की पैसे वाया जाण्याची पुरेपूर शक्यता असते.

आधी नेमप्लेट वाचा

रॉकेलच्या फडक्याने प्लेट पुसा आणि पाच गोष्टी वहीत लिहा: एचपी किंवा किलोवॅट, व्होल्ट, अँपिअर, आरपीएम आणि कनेक्शन. कनेक्शनच्या रकान्यात स्टारसाठी इंग्रजी वायसारखी खूण असते, डेल्टासाठी त्रिकोण. आपल्याकडच्या मोटरींची साधारण रीत अशी आहे की २ एचपीपर्यंत, म्हणजे १.५ किलोवॅटपर्यंत, ४१५ व्होल्टला स्टार. ३ एचपीपासून पुढे डेल्टा. ही एक पायरी सगळं बदलते.

स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगच्या वाट्याला ४१५ भागिले १.७३ म्हणजे सुमारे २४० व्होल्ट येतात. म्हणजे २ एचपीच्या मोटरचं वाइंडिंग मुळातच २४० व्होल्टचं आहे. तीच मोटर डेल्टात जोडली की तिला २४० व्होल्टच्या तीन फेज पुरतात, आणि घरच्या २३० व्होल्टवर चालणारा साधा व्हीएफडी जवळपास तेच देतो. ३ एचपीच्या डेल्टा मोटरचं प्रत्येक वाइंडिंग ४१५ व्होल्टचं असतं. तिला २३० दिले तर निम्म्याच्या थोडं वर मिळतं. व्हीएफडीवर ती फिरेल, पण पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) फक्त २८ हर्ट्झपर्यंतच देईल, कारण २३० भागिले ४१५ गुणिले ५० एवढंच येतं. त्यापुढे ताकद घटत जाते, करंट वाढतो आणि दाब ४-५ किलोवर (चौरस सें.मी.ला) गेला की ड्राइव्ह ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो.

प्लेटवर विसंबून थांबू नका. जुन्या कॉम्प्रेसरच्या मोटरी बहुधा एकदा तरी रिवाइंड झालेल्या (तार नव्याने गुंडाळलेल्या) असतात आणि प्लेट जुनीच राहते. टर्मिनल बॉक्स उघडा. सहा टोकं हवीत, वरच्या रांगेत यू१, व्ही१, डब्ल्यू१ आणि खालच्या रांगेत डब्ल्यू२, यू२, व्ही२. एका रांगेतली तिन्ही टोकं पितळी पट्टीने एकत्र बांधलेली असतील तर स्टार. वरचं टोक समोरच्या खालच्या टोकाला, अशा तीन उभ्या पट्ट्या असतील तर डेल्टा. तीनच वायरी बाहेर आलेल्या असतील तर स्टार पॉइंट आत बांधला असण्याची शक्यता जास्त. तो बाहेर काढणं रिवाइंडरचं काम आहे. वाइंडिंगला धक्का न लावता तो कव्हर काढून स्टार पॉइंट सोडवतो आणि आणखी तीन लीड बाहेर आणतो.

घराची वीज किती पेलेल

मीटरवर ५-३० ए असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला मोठा आकडा मीटरची मर्यादा. बिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. आता कॉम्प्रेसरची भूक बघा. २ एचपीची मोटर व्हीएफडीमार्फत घरच्या लाइनवरून साधारण १३ ते १५ अँपिअर ओढते, ३ एचपीची २० ते २४. मोटरच्या प्लेटवर ३.४ अँपिअर लिहिलेलं असताना लाइनवर १४ कसे, हा प्रश्न हमखास येतो. तीन फेजमध्ये वाटलेली शक्ती आता एकाच फेजमधून यायची आहे, शिवाय ड्राइव्हचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) करंट सलग न ओढता झटक्याझटक्याने ओढतो. म्हणून आकडा फुगतो.

५ एचपीचा कॉम्प्रेसर घरगुती सिंगल फेजवर लावू नका. लाइनवर ३५ अँपिअरच्या वर जातो आणि गिझर, मिक्सर, फ्रिज यांच्यासाठी काही उरत नाही. त्याला थ्री फेज जोडणीच घ्या. आणि घरच्या जोडणीवर धंद्याचं काम, म्हणजे पंक्चर, स्प्रे पेंटिंग, सर्व्हिसिंग, चालवणार असाल तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि तसा ठरला तर आकारणी दुप्पट दराने होते. धंद्यासाठी महावितरणकडे त्याच वर्गातली जोडणी मागावी, आणि मागतानाच थ्री फेज मागितली तर ही पुढची सगळी खटपट लागतच नाही.

२ एचपी: स्टारची डेल्टा करून व्हीएफडी

हा सगळ्यात चांगला मार्ग आहे. मोटर हळूहळू वेग घेते, त्यामुळे घरातले दिवे बसत नाहीत, पट्टा घसरत नाही, आणि तीन फेजची मोटर तीन फेजवरच चालते.

व्हीएफडी घेताना एचपी न बघता आउटपुट अँपिअर बघा. प्लेटवर स्टारला ३.४ अँपिअर असेल तर डेल्टात ते १.७३ पट, म्हणजे ५.९ होतात. १.५ किलोवॅटचे सिंगल फेज ड्राइव्ह साधारण ७ अँपिअर देतात, म्हणजे कागदावर पुरतं. पण पिस्टनचा कॉम्प्रेसर प्रत्येक फेऱ्यात दाबाचा ठोका देतो आणि थंडीत घट्ट झालेल्या तेलासह सुटताना दीडपट करंट मागतो. म्हणून एक पायरी वरचा, २.२ किलोवॅटचा, १० अँपिअर आउटपुटचा ड्राइव्ह घ्या. कॅटलॉगमध्ये कॉन्स्टंट टॉर्क किंवा हेवी ड्यूटीच्या रकान्यातला आकडा धरा. पंखा-पंपासाठीचा आकडा मोठा दिसतो, तो कॉम्प्रेसरला लागू नाही.

बाकी सामान: लाइनसाठी ४ चौरस मि.मी. तांब्याची तीन कोअर केबल, २० अँपिअरची सी कर्व्ह डबल पोल एमसीबी, एक आयसोलेटर, ड्राइव्ह ते मोटर २.५ चौरस मि.मी. चार कोअर आर्मर्ड किंवा शील्डेड केबल, ग्लँड, कॉपर लग, आणि प्रेशर स्विचकडे जाणारी दोन कोअर कंट्रोल वायर. भिंतीवरच्या पॉवर प्लगमध्ये पिन खुपसून काम उरकू नका. १४ अँपिअर सलग चालले की सॉकेट तापून पिवळा पडतो. मेन बोर्डवरून स्वतंत्र लाइन आणा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

लाइनच्या लांबीला किती महत्त्व आहे ते हिशेबाने बघा. मेन बोर्ड ते शेड ३० मीटर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर तांबं होतं. २.५ चौरस मि.मी.ला त्याचा रोध सुमारे ०.४४ ओहम, म्हणजे १४ अँपिअरला ६ व्होल्ट गेले. ४ चौरस मि.मी.ला पावणेचारच्या आसपास. आधीच संध्याकाळी २०५ व्होल्ट येणाऱ्या गावात हे व्होल्ट मोलाचे असतात.

जोडणी अशी:

१. मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा. ड्राइव्ह आधी चालू केलेला असेल तर बंद केल्यावर निदान १० मिनिटं थांबा. आतल्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात.

२. ड्राइव्ह जोडण्याआधी मोटर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासा. वाइंडिंग ते बॉडी १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर आधी वाळवा किंवा रिवाइंडरकडे द्या. ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर लावला तर ड्राइव्ह मेला म्हणून समजा.

३. टर्मिनल बॉक्समधली स्टारची आडवी पट्टी काढा आणि तीन उभ्या पट्ट्या लावा. नट घट्ट करा, वायसर विसरू नका.

४. जुना डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा) वाटेतून पूर्ण काढून टाका. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये कॉन्टॅक्टर, प्रेशर स्विच, चेंजओव्हर, काहीही ठेवू नका. चालत्या ड्राइव्हचं आउटपुट असं तुटलं की आतले इलेक्ट्रॉनिक स्विच (आयजीबीटी) उडतात. या कामात सगळ्यात जास्त ड्राइव्ह याच चुकीने जातात.

५. प्रेशर स्विचची मेन वायर काढून त्याच्या एका पोलची दोन टोकं ड्राइव्हच्या रन टर्मिनलला आणि कॉमनला जोडा. एक बारकावा: वर्षानुवर्षं मोटरचा करंट तोडून काळे पडलेले कॉन्टॅक्ट २४ व्होल्टचा चिमूटभर सिग्नल जाऊ देत नाहीत. कधी चालू होतो, कधी नाही, असं त्रासदायक वागणं दिसतं. न वापरलेला पोल असेल तर तो घ्या, नाहीतर प्रेशर स्विचवर २३० व्होल्टचा छोटा रिले चालवा आणि त्याचा स्वच्छ कॉन्टॅक्ट ड्राइव्हला द्या.

६. अर्थिंगची वायर मोटरच्या बॉडीपासून ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलला, आणि तिथून मेन अर्थला. टाकीलाही अर्थ द्या. न्यूट्रललाच अर्थ समजून जोडणं जीवावर बेतू शकतं.

ड्राइव्ह टाकीवर बसवू नका. कॉम्प्रेसरची थरथर महिन्याभरात स्क्रू सैल करते. भिंतीवर, धुळीपासून दूर, वर-खाली निदान १०-१० सें.मी. मोकळी जागा ठेवून बसवा.

सेटिंगमध्ये मोटरची माहिती डेल्टाची भरायची, प्लेटवरची नाही: १.५ किलोवॅट, २४० व्होल्ट, ५.९ अँपिअर, ५० हर्ट्झ, आणि आरपीएम प्लेटवर असेल ते. कमाल फ्रिक्वेन्सी ५०, किमान ३५. वेग घ्यायला ३ ते ४ सेकंद. थांबण्याची पद्धत फ्री रन. ब्रेक लावून थांबवायला गेलात तर जड फ्लायव्हील ड्राइव्हच्या आतले डीसी व्होल्ट चढवतं आणि ओव्हरव्होल्टेज ट्रिप येते. ड्राइव्हमध्ये सेन्सरलेस व्हेक्टर ही नियंत्रणाची पद्धत असेल तर ऑटो ट्यून करून ती वापरा. नसेल तर साध्या व्ही/एफ (व्होल्ट-हर्ट्झ प्रमाणाच्या) पद्धतीत टॉर्क बूस्ट ३ ते ५ टक्के. वीज परत आल्यावर आपोआप सुरू होणं बंद ठेवा. पट्ट्याजवळ हात असताना लाइट आली तर बोटं जातात.

किमान ३५ हर्ट्झ का? बहुतेक पट्ट्याच्या कॉम्प्रेसरमध्ये तेलपंप नसतो. कनेक्टिंग रॉडचा चमचा तेलात बुडून ते वर उडवतो. वेग फार कमी झाला की तेल वर पोचत नाही आणि गजन पिन (पिस्टनची पिन), सिलिंडर कोरडे चालतात. आवाज कमी यावा म्हणून २५ हर्ट्झवर चालवलेला कॉम्प्रेसर सहा महिन्यांत खडखडायला लागतो.

व्होल्टेज कमी असलेल्या गावासाठी एक युक्ती. साधा ड्राइव्ह लाइनवर येतात त्यापेक्षा जास्त व्होल्ट देऊ शकत नाही. २०० व्होल्ट येत असतील तर कमाल फ्रिक्वेन्सी ५० ऐवजी ४२ ठेवा. व्होल्ट आणि हर्ट्झचं प्रमाण राखलं जातं, मोटर पूर्ण टॉर्क देते, हवा सोळा टक्के कमी मिळते एवढंच. ५० वर हट्टाने चालवली तर तेवढ्याच दाबाला करंट जास्त ओढते आणि तापते.

३ एचपीच्या डेल्टा मोटरचं काय

तीन वाटा आहेत. पहिली, २२० व्होल्ट आत आणि ३८० ते ४१५ बाहेर असा, आत व्होल्ट वाढवणारा ड्राइव्ह. मोटरला हात लावावा लागत नाही, पण लाइनवर मोठा करंट ओढतो आणि स्वस्त मालात लिहिलेल्या रेटिंगवर विश्वास ठेवता येत नाही. घ्यायचाच तर मोटरपेक्षा एक ते दोन पायऱ्या वरचा घ्या.

दुसरी वाट फारशी कुणाला सुचत नाही, आणि ती सगळ्यात समाधानाची आहे. चार पोलच्या मोटरमध्ये प्रत्येक फेजचे कॉइल ग्रुप बहुधा सिरीजमध्ये असतात. रिवाइंडरने ते दोन समांतर भागांत जोडले तर ४१५ ची डेल्टा मोटर २०७ व्होल्टची होते. तांबं तेच, कोअर तेच, ताकद तीच. करंट मात्र दुप्पट, ४.८ चे ९.६ अँपिअर. मग साधा २३० व्होल्टचा, १४ अँपिअरच्या आसपास आउटपुट असलेला ड्राइव्ह लावा आणि मोटर व्होल्टमध्ये २०७ भरा. फायदा असा की लाइनला २१० आले तरी मोटर पूर्ण जोमात चालते. रिवाइंडरला आधी विचारा, ग्रुप सिरीजमध्ये आहेत का. आधीच समांतर असतील तर हा मार्ग बंद.

तिसरी, मोटरच बदलणं. ते पुढे.

मोटर बदलून सिंगल फेजची लावणं

ड्राइव्हची सेटिंग नको असेल तर हा सरळ उपाय. कपॅसिटर स्टार्ट कपॅसिटर रन मोटर घ्या, म्हणजे सुटण्यासाठी एक आणि चालण्यासाठी एक कपॅसिटर (कंडेन्सर) असलेली. पाण्याच्या पंपाची नुसत्या रन कंडेन्सरवरची मोटर चालणार नाही. तिला सुटतानाचा जोर नसतो. वेग १४४० च हवा. २८८० ची आणली तर पुली निम्मी करावी लागते आणि पट्टा घसरतो. शाफ्टचा व्यास मोजा: ४ पोलला १ एचपी १९ मि.मी., २ एचपी २४, ३ एचपी २८. सिंगल फेज मोटर कधी एक फ्रेम मोठी येते, तेव्हा पायाची भोकं आणि पुलीचं बोअर दोन्ही जुळवावी लागतात.

३ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना १५ ते १८ अँपिअर घेते, पण सुटताना क्षणभर ७५-८० पर्यंत जाते. वरच्याच ३० मीटरच्या २.५ च्या वायरवर त्या क्षणी ३३ व्होल्ट पडतात. २३० चे १९७ झाले आणि टॉर्क व्होल्टच्या वर्गाने घटतो, म्हणजे चार आण्यांनी जास्तच ताकद गेली. मोटर हूंऽऽ करून बसते, सेंट्रिफ्युगल स्विच आणि स्टार्ट कंडेन्सर जळतो, दोष मोटरला दिला जातो. दोष वायरचा असतो.

जुना डीओएल स्टार्टर वापरायचा तर दोन बदल लागतात. कॉइल ४१५ ची असते, ती काढून २३० ची घाला. आणि ओव्हरलोड रिलेच्या तिन्ही पोलमधून करंट जाऊ द्या: फेज पहिल्या पोलमधून, वळवून दुसऱ्यातून, न्यूट्रल तिसऱ्यातून. एक पोल मोकळा ठेवला तर रिलेला वाटतं एक फेज गेली, आणि तो विनाकारण पडत राहतो.

भार हलका करायचा असेल तर मोटरची पुली लहान करा. ६ इंचाच्या जागी ५ इंच लावली की पंपाचा वेग आणि मोटरवरचा भार दोन्ही सतरा टक्क्यांनी उतरतात. बी सेक्शनचा पट्टा असेल तर ५ इंचाच्या खाली जाऊ नका, पट्टा मुडपून चिरतो.

नुसत्या कंडेन्सरवर चालेल का

शेतात दोनच फेज आल्यावर कंडेन्सर लावून पंप चालवणं गावोगाव ठाऊक आहे, म्हणून हा प्रश्न येतोच. पंप आणि कॉम्प्रेसर सारखे नाहीत. सेंट्रिफ्युगल पंप सुटताना हलका असतो, वेग वाढेल तसा भार येतो. कॉम्प्रेसरला पहिल्याच फेऱ्यात पिस्टन ढकलायचा असतो. डेल्टात जोडलेल्या २३० व्होल्टच्या मोटरला किलोवॅटमागे सुमारे ७० मायक्रोफॅरड रन कंडेन्सर, ४४० व्होल्ट एसीचा, आणि सुटण्यापुरता त्याच्या दुपटीने स्टार्ट कंडेन्सर, असा हिशेब आहे. तरी मोटर तिच्या ताकदीच्या दोनतृतीयांशच देते आणि तीन वाइंडिंगचे करंट सारखे राहत नाहीत, एक तापतं. १ एचपीचा छोटा कॉम्प्रेसर, तोही हेड मोकळं असताना, एवढीच याची मजल. २ एचपीला याच्या नादी लागू नका.

हवेची बाजू

विजेचे अर्धे त्रास खरं तर व्हॉल्व्हचे असतात. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर प्रेशर स्विचखालचा छोटा अनलोडर दोन-तीन सेकंद फुस्स करून हेडमधली हवा सोडतो. हा आवाज आलाच पाहिजे. आला नाही तर पुढच्या वेळी मोटरला ८ किलोच्या दाबाविरुद्ध सुटावं लागतं. फुस्स थांबतच नसेल तर टाकीच्या तोंडावरचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. उघडून कार्बन साफ करा किंवा चकती बदला. ड्राइव्हच्या ओव्हरकरंटवर सेटिंग बदलत बसण्याआधी हे बघा.

कट इन ६, कट ऑफ ८ किलो ठेवा. फरक कमी ठेवला तर मोटर तासाला वीस वेळा सुटते. सेफ्टी व्हॉल्व्हच्या सेटिंगला हात लावू नका, त्याची कडी ओढून तो मोकळा आहे का एवढं महिन्याला बघा. टाकीतलं पाणी रोज ड्रेन कॉकने काढा.

पहिल्यांदा चालू करताना

पट्टा काढून फक्त मोटर फिरवा. दिशा फ्लायव्हीलवरच्या बाणाप्रमाणे हवी. बाण पुसला असेल तर फ्लायव्हीलच्या पात्यांनी हवा हेडवर मारली पाहिजे. उलटी असेल तर ड्राइव्हच्या आउटपुटच्या कोणत्याही दोन वायरी बदला. लाइनच्या बाजूला फेज-न्यूट्रल बदलून काही होत नाही. तिन्ही वायरींचा करंट क्लॅम्प मीटरने बघा, जवळपास सारखा हवा. मीटर ट्रू आरएमएस हवा, नाहीतर ड्राइव्हच्या आउटपुटवर भलतेच आकडे दिसतात.

मग पट्टा चढवा, मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबेल इतका ताण. ड्रेन कॉक उघडा ठेवून १० मिनिटं चालवा, तेल पसरू द्या. नंतर कॉक बंद करून टाकी भरा आणि ८ किलोला पोचताना करंट ५.९ च्या वर जात नाही ना, ते बघा. जात असेल तर कमाल फ्रिक्वेन्सी २-२ हर्ट्झने खाली आणा.

सुटतानाच ओव्हरकरंट आला तर अनुक्रमाने अनलोडर, तेल, वेग घेण्याचा काळ, टॉर्क बूस्ट बघा. बूस्ट जास्त झाला तरी ओव्हरकरंट येतो. अंडरव्होल्टेज येत असेल तर चालत्या कॉम्प्रेसरला ड्राइव्हच्या इनपुटवर व्होल्ट मोजा, मेन बोर्डवर नाही. फरक १० व्होल्टच्या वर असेल तर वायर किंवा सैल जोड. घरचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर तो काढून टाकू नका. ड्राइव्हचा फिल्टर थोडा करंट कायम अर्थिंगकडे सोडतो, म्हणून कॉम्प्रेसरला स्वतंत्र आरसीसीबी द्या आणि मॅन्युअलमध्ये ए, एफ किंवा बी यांपैकी जो टाइप सांगितला असेल तोच घ्या. घरातला एसी टाइपचा आरसीसीबी इथे भरवशाचा नाही. स्वतंत्र देऊनही पडत असेल तर ड्राइव्ह सोडवून मोटर पुन्हा मेगरवर घ्या.